चुका काढायची नोकरी

सिदूला लहानपणापासून एक खोड होती. जे चुकलंय ते त्याला दिसायचं, आणि दिसलं की तोंडातून बाहेर पडायचं. दिसतं तर सगळ्यांनाच हो! देवानं डोळे काय एकट्या सिदूलाच दिले होते? पण चार शहाणी माणसं दिसलेलं गिळून टाकतात आणि वर ढेकरसुद्धा देत नाहीत. सिदूला ते पचायचं नाही.

त्याच्या लग्नात भटजींना पुढची एस.टी. गाठायची होती, म्हणून त्यांनी मंगलाष्टकातलं एक कडवं हळूच गाळलं. मांडवात कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि आलं असलं तरी ऊन मी म्हणत होतं, पाहुण्यांना जेवणाची घाई होती. तेवढ्यात अंतरपाटाच्या आडून खुद्द नवरदेव ओरडला, "अवं, एक कडवं ऱ्हायलं की!" भटजींनी डोळे वटारले, पण कडवं म्हटलं. अंतरपाटाच्या पलीकडं हार घेऊन उभ्या असलेल्या फुलाबाईला तेव्हाच कळून चुकलं, की आपल्या पुढ्यात काय वाढून ठेवलंय. पण पदरी पडलं पवित्र झालं, दुसरं काय करणार बिचारी.

सिदूचं घर सांगोल्याकडचं, धनगराचं. बाप तात्याबा मेंढरं राखायचा. घराण्यात मॅट्रिकपर्यंत पोचलेला सिदू पहिलाच. बहात्तरच्या दुष्काळात कळप निम्म्याहून कमी झाला, तेव्हा तात्याबा म्हणाला, "तुला चार अक्षरं येत्यात, तू शेरात जा. उरल्याली मेंढरं मी बघतो." म्हणून सिदू बायकोला घेऊन सोलापूरजवळ कुंभारीत आला आणि भाड्याच्या एका खोलीत राहिला. घरामागं हापसा होता. दांडा मारला की पाणी. फुलाबाईला तो हापसा म्हणजे साक्षात वैकुंठ वाटला, कारण तिचं सगळं लहानपण मेंढरांमागं चालण्यात गेलं होतं. वर्षातले आठ महिने मुक्काम आज इथं, उद्या तिथं. घोड्याच्या पाठीवर भांडीकुंडी, त्यावर कोंबड्या, आणि कोंबड्यांच्या शेजारी दोरीनं बांधलेलं तान्हं पोर. ती स्वतः तशीच बांधली गेली होती.

शहरात आला खरा, पण सिदूची एक नोकरी टिकेल तर शपथ! स्टँडजवळच्या हॉटेलात होता, तर गिऱ्हाइकाला म्हणाला, "भजी घिऊ नका, सकाळची हायती." किराणा दुकानात होता, तर भर गर्दीत म्हणाला, "शेठ, तराजू तुमच्याकडं कलतोय." एका शाळेत शिपाई होता. तिथं तपासणीला आलेल्या साहेबांना हेडमास्तर शाळेची बाग दाखवत होते, आणि सिदू मागून म्हणाला, "ही रोपं काल संध्याकाळीच कुंड्यांतनं आणून रोवल्याली हायत." खोटं एक अक्षर नव्हतं हो त्यात. पण नोकरी गेली.

सत्याहत्तर साल लागलं तोवर पोरगी झाली होती, सोजर. दुडूदुडू चालायला लागली होती. एके दिवशी भाकरी थापता थापता फुलाबाई म्हणाली, "ह्या खेपंला नोकरी धरली तर धरली. आवंदा दिवाळीपातूर कायम न्हाय झालात, तर ही खोली सोडायची आन् मामंजींच्या मेंढरांमागं जायाचं. मी काय हितं उपाशी मरनार न्हाय. पर येक सांगते, माजी सोजर घोड्यावर बांदायची पाळी आली, तर मी तुमच्याशी जन्मात बोलनार न्हाय." हे बोलताना तिचे डोळे भरून आले, म्हणून सिदूनं जेवताना भाकरी एका बाजूला करपलीय हे सांगितलं नाही. एवढं एकच त्यानं आयुष्यात गिळलं असेल.

मग सुरू झाल्या मुलाखती.

पहिली एका जुन्या, नावाजलेल्या गिरणीत. कापड तपासणाऱ्याची जागा होती. टेबलामागं टाय लावलेले तीन साहेब. त्यांनी कापडाचं एक ठाण उलगडलं आणि मधले साहेब अभिमानानं म्हणाले, "हा आमचा परदेशी जाणारा माल. बघा." सिदूनं बघितलं. आणि कुठं धागा तुटलाय, कुठं गाठ आलीय, कुठं रंग उतरलाय, हे असं धडाधडा सांगायला लागला की साहेबांनी ठाण गुंडाळूनच घेतलं. "कळवू तुम्हाला," म्हणाले. कळवतात कसले!

दुसरी टॉवेलच्या कारखान्यात. या वेळी फुलाबाईनं निघताना बजावलं, "कायबी दावू दे, झ्याक हाय म्हना. ऐकलासा?" मालकानं टॉवेल दाखवला. सिदू म्हणाला, "लई झ्याक." मालक म्हणाला, "नीट बघून सांग." सिदू म्हणाला, "नीट बघूनच सांगतो, लई म्हंजी लई झ्याक." मालकानं टॉवेल उजेडात धरला. मुठीएवढं भोक! मालक म्हणाला, "अरे, हे दिसलं नाही तुला?" सिदू म्हणाला, "दिसलं की! पर बायकूनं सांगितलंय झ्याक म्हनायचं." मालक पोट धरून हसला आणि त्यानं सिदूला दाराबाहेर काढलं.

तिसरी मुलाखत अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, सिद्धलिंगप्पांच्या चादरीच्या कारखान्यात. कारखाना चांगला वडिलोपार्जित. आधी शहरात होता, मग तिकडं नेला. सिद्धलिंगप्पा कपाळाला भस्म लावणारे, आवाज मोठा, जीव बारीक. नुकतंच त्यांचं मोठं नुकसान झालं होतं. घोड्याची नवी डिझाईन काढली आणि ढीगभर चादरी विणून झाल्यावर एका बाईनं दुकानात विचारलं, "ह्या घोड्याला पाच पाय कसे?" सगळा माल परत आला. तेव्हापासून मालकांना स्वप्नात पाच पायांचे घोडे दिसायचे म्हणे.

सिदू आत गेला. मालकांनी समोरच्या खुर्चीकडं बोट केलं. सिदू बसला, आणि लगेच उठला. खुर्ची उलटी केली, पाय हलवून बघितला. "मालक, ही मोडल्याली हाय. असल्या खुर्चीवर मान्सं बसवताय व्हय? कुनी पडलं म्हंजी?"

मालक बघतच राहिले. सकाळपासून कितीतरी उमेदवार त्या खुर्चीवर बसून गेले होते. बी.ए. झालेले, अनुभव असलेले, साहेबी बूट घातलेले. प्रत्येकानं पाय जमिनीला टेकवून खुर्ची सावरून धरली होती आणि "हो सर, हो सर" करत मुलाखत दिली होती. मालकांना बापड्यांना काय ठाऊक, ते कधी त्या बाजूला बसलेच नव्हते! त्यांनी टेबलावर थाप मारली आणि म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघतो. पटलं तर कायम. उद्यापासून ये."

तर काम काय, ते सांगायला हवं. चादरीवर मोर उमटतो, हत्ती उमटतो, तो काही विणकर हातानं काढत नाही. मागाच्या डोक्यावर जकार्ड नावाचा सांगाडा असतो. त्याच्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांची लांबच लांब माळ फिरते. कार्डाला जिथं भोक, तिथला उभा धागा वर उचलला जातो. भोक नाही, तिथला खाली राहतो. बस्स, एवढंच. माग आंधळा. कार्ड सांगेल तसं विणणार. कार्डानं पाच पाय सांगितले तर पाच, आणि सोंडेच्या जागी शेपूट सांगितलं तर तेही मन लावून विणणार. म्हणून कार्डं मागावर चढवण्याआधी ती कागदावरच्या नक्षीशी ताडून बघायची, मग एका मागावर एक नमुना विणून बघायचा, आणि चूक सापडली की दुरुस्त करून घ्यायची. हल्ली कॉम्प्युटरच्या मोठमोठ्या कंपन्यांत प्रोग्रॅम लिहिणारा वेगळा आणि त्यातल्या चुका हुडकणारा वेगळा असतो, आणि पोरं त्या नोकरीसाठी पुण्या-बेंगळूरला मुलाखती देत हिंडतात. आमचा सिदू तेच काम सायकलवर जाऊन करत होता.

कार्डं पाडायचे, म्हणजे पुठ्ठ्याला ठोकून भोकं करायचे, मल्लय्या मास्तर. पिढीजात विणकर घराण्यातले, घरी तेलुगू, कारखान्यात मराठी, रागावले की दोन्ही. साठी उलटलेली, चष्म्याला दोरा, आणि हात असा की ठोकणीचा आवाजसुद्धा तालात. आपण पाडलेलं कार्ड कुणीतरी तपासणार, हेच त्यांना पसंत नव्हतं. आपला तो बाब्या म्हणतात तसलं. सिदूनं पहिल्याच आठवड्यात एका मोराची चोच वाकडी आलीय हे दाखवलं, तर म्हणाले, "माझ्या मागावर तर बरोबर येतंय रे."

"मास्तर, तुमच्या मागावर यीऊन काय उपेग? गिऱ्हाईक काय तुमच्या मागावर झोपतंय व्हय?"

शेडमधले सगळे हसले. मास्तरांनी कार्ड हिसकावून घेतलं, पण भोक बुजवलं, दुसरं पाडलं. आणि जेवणाच्या सुट्टीत सिदूपुढं कांदा सरकवला. तेव्हापासून दोघांचं भांडण आणि जेवण एकत्रच चालायचं. सिदूनं खोटी चूक कधी काढली नाही आणि खरी कधी सोडली नाही, हे मास्तरांना कळलं होतं. सिदू खूश होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला तोंड उघडण्याचा पगार मिळत होता.

श्रावणात मुंबईच्या एका मोठ्या पेढीची ऑर्डर आली. नवी डिझाईन, मधोमध एकच मोठा झूल घातलेला हत्ती. मुंबईचे खरेदीसाहेब स्वतः येऊन माल तपासणार आणि पसंत पडला तर वर्षभराचं काम देणार. मालक खूश. सिदूला म्हणाले, "हा माल पास झाला की तू कायम. मग दिवाळीपर्यंत थांबायचीही गरज नाही." सिदूनं घरी सांगितलं. फुलाबाईनं त्याच दिवशी खोलीच्या दाराशी तुळस लावली.

मास्तरांनी जीव ओतून कार्डं पाडली. सिदूनं नमुना विणवून घेतला आणि बघत राहिला. हत्ती असा देखणा, की आता चालायला लागेल. पण त्याच्या गालावर, डोळ्याच्या जरा खाली, काळ्या धाग्याचा एक ठिपका होता. कागदावरच्या नक्षीत तो नव्हता.

"मास्तर, हितं येक भोक जादा पडलंय."

मास्तरांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "असू दे."

"असू दे कसं? चूक हाय ती."

"असू दे म्हटलं ना!" एवढं बोलून मास्तर पुन्हा ठोकायला लागले.

असू दे म्हणणाऱ्यातला सिदू नव्हे. त्यानं कागदाचा तुकडा चिकटवून भोक बुजवलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर भोक उघडं. पुन्हा बुजवलं, पुन्हा उघडं. आता मात्र सिदूचं डोकं फिरलं. म्हातारा आपली नोकरी घालवायला बसलाय काय? एवढं एकत्र जेवतो आणि हे असं? त्याला राग आला आणि वाईटही वाटलं. मास्तर जेवायला गेले तेव्हा त्यानं दुहेरी पुठ्ठा लावून भोक पक्कं बंद केलं आणि कार्डं निंगप्पा विणकराच्या मागावर चढवायला दिली. चादरी निघायला लागल्या, गाल स्वच्छ.

दोन-तीन दिवस बरे गेले. मग निंगप्पाच्या मागाची मोटर जळाली. नवी बसवली, तर धागे तटातटा तुटायला लागले. निंगप्पा अक्कलकोटकडचा, अंगानं पैलवान, पण मनानं भित्रा. त्यानं विणलेली चादर उलगडून हत्तीचा गाल बघितला आणि किंचाळलाच, "अय्यो शिवा! तीट कुणी पुसली?"

शेडमधले माग एकेक करून थांबले. सगळे सिदूकडं बघायला लागले.

तेव्हा सिदूच्या डोक्यात प्रकाश पडला. पहिल्यापासून मल्लय्या मास्तर प्रत्येक नव्या डिझाईनमध्ये एक भोक जास्तीचं पाडत होते. कुठं मोराच्या पायाशी, कुठं वेलीच्या टोकाला. देखण्या मालाला दृष्ट लागू नये, मागाला, विणणाऱ्याच्या हाताला लागू नये, म्हणून. आधीच्या डिझाईनमध्ये ते नक्षीच्या गर्दीत लपून जायचं, सिदूलाही दिसलं नव्हतं. हत्तीच्या मोकळ्या गालावर मात्र उघडं पडलं. आणि तीट लावली म्हणून कुणी बोलून दाखवत नसतं, बोललं की ती उतरते, म्हणून मास्तर गप्प होते. सिदू काय परका होता? धनगराचंच पोर. घरी सोजरच्या गालावर रोज काजळाचा ठिपका असायचा. पण पोरीच्या गालावर जे दिसलं की बरं वाटायचं, ते कार्डावर दिसलं की त्याला चूक वाटलं.

"मला येकदा तरी सांगायचं, मास्तर," तो हळूच म्हणाला.

"सांगायचं नसतं रे, येड्या," मास्तर म्हणाले. रागावलेले नव्हते, थकलेले होते.

निंगप्पानं हात बांधले. "तीट नाही तर माग नाही." बाकीच्यांनीही माना हलवल्या. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! मालक धावत आले. मुंबईचे साहेब तोंडावर आलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कपाळावर हात मारला आणि सिदूसमोरच त्याचा पुठ्ठा उचकटून काढला. माग सुरू झाले. मग त्यांनी सिदूला बाजूला घेतलं. "एवढासा ठिपका साहेबांना दिसायचा नाही. पण तू त्यांच्यासमोर तोंड उघडायचं नाहीस. उघडलंस, तर संध्याकाळी हिशेब घेऊन जायचं. कळलं?"

सिदूनं मान डोलावली. घरी येऊन फुलाबाईला सांगितलं. ती म्हणाली, "तुमी गप बसनार? तुमी? अवो, जित्याची खोड मेल्याबिगार जाती व्हय?"

"प्वारीचं काजळ मी कधी पुसलंय व्हय? पर चादर इकायची हाय. इकनाऱ्यानं सांगायला नगं?"

"नगं! बिरोबाची आन हाय तुमास्नी!"

साहेब यायच्या दिवशी सकाळी तिनं बाजारातून पानं आणली. दोन पानांचा, भरपूर कात-सुपारी घातलेला, असा विडा लावला की तो तोंडात घातला तर माणसाला श्वास घेणं मुश्कील. "सायेब आला की ह्यो तोंडात घालायचा. सायेब जाईपातूर काडायचा न्हाय." विडा रुमालात बांधून तिनं त्याच्या खिशात ठेवला आणि पोरीला कडेवर घेऊन दारात उभी राहिली. सिदू सायकलवरून दिसेनासा होईपर्यंत ती आत गेली नाही.

मुंबईचे साहेब मूळचे कोकणातले, सडपातळ, तोलून बोलणारे. मालकांनी चादरी लांब टेबलावर मांडल्या होत्या. साहेबांनी एकेक चादर उजेडात धरली, कडा बघितल्या, दशा ओढून बघितल्या, नखानं रंग खरवडला. मल्लय्या मास्तर भिंतीशी उभे. निंगप्पा मनातल्या मनात देव आठवत होता. सिदू मालकांच्या मागं, दोन्ही गाल फुगवून. विडा तोंडात मावत नव्हता आणि कडेनं लाल रस ओघळत होता.

शेवटी साहेबांनी हात झटकले. "सिद्धलिंगप्पा, माल सुरेख आहे. मला एकही चूक सापडली नाही." मालकांच्या चेहऱ्यावर दिवाळी उजाडली. साहेबांनी खिशातून पेन काढलं. सही करता करता त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे तपासणारा कोण आहे?"

मालकांचं बोट नाइलाजानं सिदूकडं गेलं.

"तुम्ही होय? तुमचं काय मत? एकही चूक नाही ना?"

नुसती मान हलवायची होती हो! तोंड उघडायचीही गरज नव्हती. फुलाबाईनं तेवढी सोय करून ठेवली होती. सिदूनं मालकांकडं बघितलं. त्यांचे डोळे गयावया करत होते. त्यानं मास्तरांकडं बघितलं. त्याला हापसा आठवला, सोजर आठवली, घोडा आठवला. मान हलव, असं त्यानं स्वतःला सांगितलं. मान हलेना. ज्या कामाचा पगार खातो, तेच काम समोरच्या माणसानं त्याला सरळ विचारलं होतं. तो धावत दारापर्यंत गेला, विडा बाहेर थुंकला आणि परत येऊन म्हणाला, "हाय की, सायेब. येक हाय."

मालक मटकन खुर्चीत बसले.

"कुठे?"

"ह्यो बगा, हत्तीच्या गालावं." सिदूनं बोट ठेवलं. "चुकून ऱ्हायल्याली न्हाय. मुद्दाम ठेवल्याली हाय. आमच्या मास्तरांनी तीट लावलीया, दृष्ट लागू नये म्हनून. मला ती चूक वाटली, मी बुजवली, तर माग बंद पडलं. आता तुमी घ्या न्हायतर नगा घिऊ. पर न सांगता तुमच्या गळ्यात मारली, आसं हुनार न्हाय."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि गालाजवळ डोळा नेला. मग दुसरी चादर. मग तिसरी.

"हिच्यावर नाही," ते म्हणाले.

"ती मी बुजवल्याली. त्या ढिगातल्या सगळ्या तसल्याच हायत."

साहेबांनी स्वतःच्या हातानं चादरी निवडायला सुरुवात केली. ठिपक्याच्या एका बाजूला, बिनठिपक्याच्या दुसऱ्या बाजूला. निवडून झाल्यावर त्यांनी बिनठिपक्यांचा ढीग मालकांकडं सरकवला. "या मला नकोत."

"म्हणजे... चूक नसलेल्या नकोत?" मालकांना कळेना, हसावं का रडावं.

"नकोत. आमची डिझाईन बाजारात आली की महिनाभरात तिची नक्कल निघते. माझी चादर कुठली आणि चोराची कुठली, मलाच ओळखू येत नाही. आता ओळखू येईल. नक्कल करणारा आमची चादर समोर ठेवून नक्षी उतरवणार. हा ठिपका दिसला की त्याला वाटणार, चूक आहे. आणि शहाणा माणूस चूक दुरुस्त करणारच." साहेबांनी सिदूकडं बघितलं आणि पहिल्यांदाच हसले. "यांनी केली तशी."

निंगप्पा एवढ्या मोठ्यानं हसला की मागावरची कबुतरं उडाली. मल्लय्या मास्तर भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. मालक बिनचूक चादरींच्या ढिगाकडं बघून म्हणाले, "सिदू, या कारखान्याचा जेवढा माल आज नापास झाला, तेवढा सगळा तुझ्या हातचा आहे, बघ." आणि साहेबांची गाडी फाटकाबाहेर गेल्यावर त्यांनी सिदूला ऑफिसात बोलावलं, कायम केल्याचं तोंडानं सांगितलं आणि वर हुकूम सोडला, "यापुढं एकही चादर बिनचूक बाहेर गेली, तर बघ!"

सिदू सायकल हाणत कुंभारीला पोचला, तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. फुलाबाई दारातच बसली होती. तिनं त्याचं तोंड बघितलं. विडा नव्हता. ओठ कोरडे.

"उगडलंसा तोंड?"

"उगडलं."

पुढचं ऐकायला ती थांबलीच नाही. आत गेली, धडाधडा भांडी काढली, एका लुगड्यात टाकली, दुसऱ्यात कपडे, पोरीचं दुपटं, पाटा राहिला तर तो ओढायला लागली. रडत होती आणि बोलत होती. "मला वाटलंच हुतं. बिरोबाची आन घातली तरी! जावा, मामंजींना सांगा, घोडं आना म्हनावं. बांदा माज्या प्वारीला कोंबड्यांसंगं. कशाला लगीन केलं ह्यांच्याशी! अंतरपाटातनंच पळून जायाला पायजे हुतं मी!" सिदू मधे मधे "आगं", "आगं पर" एवढंच म्हणू शकत होता. सोजरला वाटलं काहीतरी खेळ चाललाय, तीही आपली वाटी आणून गाठोड्यात टाकत होती.

फुलाबाईला दम लागला, तेव्हा सिदू म्हणाला, "आगं, कायम केलंय मला."

ती पाटा धरून तशीच वाकलेली राहिली. "काय?"

"कायम केलंय. आजपास्नं."

"तोंड उगडून?"

"तोंड उगडूनच."

ती सरळ उभी राहिली. हे कसं झालं, कुणी केलं, साहेब काय म्हणाला, काही म्हणजे काही तिनं विचारलं नाही. नुसतं त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. सगळ्या पंचक्रोशीत बायका नवऱ्यांना खोदून खोदून विचारतात, देवाच्या शपथा घालतात, तरी त्यांना खरं कळत नाही. आणि हा बाबा लग्नात खोटं चालवून घेईना, हॉटेलात घेईना, तिच्या शपथेलासुद्धा जुमानेना. याच तोंडाला तिनं इतकी वर्षं बोल लावले होते. ते तोंड आता म्हणत होतं की कायम केलं. मग केलंच असणार.

फुलाबाई खाली बसली आणि पदरानं डोळे पुसून हसायला लागली. मग तिनं गाठोड्याची गाठ सोडली आणि भांडी एकेक करून पुन्हा फळीवर मांडायला लागली.

"बसलाय काय नुसतं?" ती पाठमोरीच म्हणाली. "हापश्यावरनं पानी आना. चुलीवर आदन ठेवते."